दहा वर्षांची गोष्ट सात भागांत. सीमाभागाची कुठल्या भागात?

अमेरिकेतल्या सीएनएन वाहिनीने मे २०२३ मध्ये 'द ट्वेंटी-टेन्स' ही माहितीपट मालिका दाखवायला घेतली. २०१० ते २०१९ या दहा वर्षांचा आढावा, एकूण सात भागांत. ओबामांपासून ट्रम्पपर्यंतचं राजकारण, हातातला स्मार्टफोन, समाजमाध्यमं, रस्त्यावरची आंदोलनं, गाणी, टीव्हीवरच्या नव्या मालिका, सगळं त्यात आलं. असा प्रयोग या वाहिनीने पहिल्यांदाच केला असं नाही. २०१४ मध्ये 'द सिक्स्टीज', मग दरवर्षी एक याप्रमाणे सत्तर, ऐंशी, नव्वद आणि २००० च्या दशकावरच्या मालिका, असं करत २०१८ पर्यंत पाच दशकं झाली. अभिनेते टॉम हँक्स हे या मालिकांच्या निर्मात्यांपैकी एक. मधे करोनाची वर्षं गेली आणि २०२३ ला सहावं दशक पडद्यावर आलं.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या मालिकेशी बेळगाव-निपाणीच्या, पणजी-इंदूरच्या वाचकाचं काय देणंघेणं? देणंघेणं आहे, आणि ते बरंच जवळचं आहे. अशा मालिका बनतात कशा, त्यांत काय शिरतं आणि काय गळतं, हे एकदा नीट बघितलं की आपल्या दशकाचं काय होणार आहे याचा अंदाज येतो.

आधी अंतर मोजा

साठच्या दशकावरची मालिका आली तेव्हा ते दशक संपून चाळीसपेक्षा जास्त वर्षं झाली होती. २००० चं दशक संपल्यावर नऊ वर्षांच्या आत त्यावर मालिका आली. २०१० च्या दशकाला तर साडेतीन वर्षंसुद्धा मिळाली नाहीत. अंतर असं आक्रसत गेलं की गोष्टीचा पोत बदलतो. चाळीस वर्षांनी बोलणाऱ्या माणसाला परिणाम माहीत असतो. कुठला नेता इतिहासात राहिला, कुठली घोषणा हवेत विरली, हे त्याला ठाऊक असतं. तीन वर्षांनी बोलणारा माणूस फक्त आठवण सांगत असतो. आणि आठवण म्हणजे काय, तर जे तेव्हा टीव्हीवर वारंवार दिसलं तेच.

दुसरी गोष्ट पद्धतीची. या मालिकांत निवेदकाचा आवाज नसतो. जुन्या बातम्यांची, कार्यक्रमांची दृश्यं लागतात आणि मधेमधे पत्रकार, इतिहासकार, त्या काळातले कलाकार किंवा राजकारणी बोलतात. पद्धत प्रामाणिक वाटते, कारण पुरावा समोर दिसतो. पण तिचा एक नियम आहे, तो पडद्यावर कुणी बोलून दाखवत नाही: ज्याचं चित्रीकरण आहे आणि ते आजही सापडतं, तेच दशकात घडलं. बाकीचं घडलं असेल, पण मालिकेत येणार नाही.

म्हणूनच या मालिकांतली एक सवय बघण्यासारखी आहे. 'द सिक्स्टीज'चा पहिला भाग टीव्ही कसा वयात आला यावर होता. सत्तर, ऐंशी, नव्वद, पुढचं दशक, इथेही सुरुवात टीव्हीपासूनच. व्हिएतनाम, वॉटरगेट, शीतयुद्ध नंतर. टीव्हीने दशक सांगायला घेतलं की तो आधी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण स्वतःचा माल त्याच्या कपाटात सगळ्यात जास्त असतो. यात कारस्थान वगैरे शोधायला नको. पण कपाट कुणाचं हे मात्र विचारायला हवं.

कपाट कसं भरलं

अमेरिकेत हे कपाट आपोआप भरलेलं नाही. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट १९६८ पासून राष्ट्रीय वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातम्या रोजच्या रोज टेपवर उतरवायला सुरुवात केली. तोपर्यंत त्या बातम्या एकदा दाखवल्या की बहुतेक संपत. फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स या बाईंचं काम तर याहून विलक्षण. कधीकाळी ग्रंथपाल असलेल्या या बाईंनी सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, घरात अनेक व्हीसीआर लावून, चोवीस तास टीव्हीच्या बातम्या रेकॉर्ड केल्या. मागे सुमारे ७०,००० टेप राहिल्या. लोकांना तो वेडेपणा वाटला असेल. पुढे त्या टेप इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या. इकडे बीबीसीसारख्या नामांकित संस्थेने साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी टेप पुसून पुन्हा वापरल्या. टेप महाग होती आणि जुना कार्यक्रम परत कोण बघणार, असा हिशोब होता.

आपल्याकडे काय? १९५४ च्या कायद्यानुसार छापलेलं पुस्तक ठरावीक राष्ट्रीय ग्रंथालयांकडे पाठवणं प्रकाशकावर बंधनकारक आहे. दोन वर्षांनी त्यात वर्तमानपत्रंही आली. टीव्हीच्या बातमीला असं बंधन नाही. वाहिन्यांनी दाखवलेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवावं, एवढाच सरकारी नियम. तोही तक्रार आली तर तपासता यावं म्हणून. एक्क्याण्णवाव्या दिवसापासून ते जपायचं की पुसायचं, ही मालकाची मर्जी आणि त्याच्या हार्डडिस्कची ऐपत.

मोठ्या वाहिन्या आपला संग्रह ठेवतात, कारण त्याला किंमत आहे. २०१३ मध्ये एबीपी न्यूजने शेखर कपूर यांच्या निवेदनात 'प्रधानमंत्री' ही मालिका केली. स्वतंत्र भारताचा इतिहास तिने पंतप्रधानांच्या क्रमाने सांगितला. दिल्लीतून बघितलं तर ती मांडणी सोयीची आहे. पण दिल्लीत दिल्लीचं कपाट, मुंबईत मुंबईचं, बेंगळूरुत बेंगळूरुचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, भालकीचं कपाट कुठे आहे?

एक आठवडा, दोन इतिहास

उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१९ चा पहिला पंधरवडा. उद्या भारताच्या २०१० च्या दशकावर कुणी अशी सात भागांची मालिका केली, तर ५ ऑगस्ट २०१९ ही तारीख तिच्यात असणारच: अनुच्छेद ३७० बाबतचा निर्णय. दुसऱ्या दिवशी रात्री सुषमा स्वराज गेल्या. त्या दिवसांत राष्ट्रीय वाहिन्यांवर दुसऱ्या कशालाही फारशी जागा नव्हती.

त्याच आठवड्यात कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात लोक कौलांवर बसून होते. कोल्हापूर आणि सांगली पाण्यात. पुणे-बेंगळूरु राष्ट्रीय महामार्ग कोल्हापूरजवळ बुडून कित्येक दिवस बंद. ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली. आणि पाणी काही शिनोळीच्या किंवा कोगनोळीच्या हद्दीपाशी थांबलं नाही. दूधगंगा-वेदगंगेचं पाणी निपाणी-चिकोडीकडे येतं, हिरण्यकेशी आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरकडे उतरते. घटप्रभेने गोकाकला वेढलं. रायबाग-अथणीच्या कृष्णाकाठची गावं उठली.

एकच पूर. पण मुंबईहून चालणाऱ्या वाहिन्यांनी तो कोल्हापूर-सांगलीचा पूर म्हणून दाखवला आणि बेंगळूरुच्या वाहिन्यांनी उत्तर कर्नाटकाचा. मधे वाद एकच, अलमट्टी धरणातून किती विसर्ग सोडायचा. त्यात दोन्हीकडचे नेते आणि अधिकारी बोलले. निपाणी तालुक्यातला जो माणूस सकाळी कोल्हापूरच्या दवाखान्यात जातो, दुपारी चिकोडीच्या कचेरीत कागद करतो, त्याचा पूर दोन्ही बातम्यांत अर्धा अर्धा होता. दोन्ही अर्धे जोडून बघणारं कुणी नव्हतं.

म्हादईचंही तेच. लवाद नोव्हेंबर २०१० मध्ये नेमला गेला, निवाडा १४ ऑगस्ट २०१८ ला आला, म्हणजे ही अख्खी लढाई त्या एका दशकातली. कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी आलं. गोव्याच्या पडद्यावर ही नदी वाचवायची गोष्ट होती. हुबळी-धारवाड-नरगुंदच्या पडद्यावर ती तहानेची आणि शेतकरी आंदोलनाची गोष्ट होती. दोन्ही खऱ्या. पण कळसा नाला जिथे उगवतो ते कणकुंबी आहे खानापूर तालुक्यात. जंगल तिथलं, झरे तिथले, खोदकाम झालं ते तिथे, आणि राहणारी माणसं बरीचशी मराठी बोलणारी. म्हादईवरच्या बातम्यांची रीळं उद्या कुणी उघडली तर त्यात पणजी आणि बेंगळूरु भरपूर सापडेल. कणकुंबीच्या माणसाचं वाक्य मात्र शोधावं लागेल.

तिसरी गोष्ट रक्ताची. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडमध्ये डॉ. एम. एम. कलबुर्गी, ५ सप्टेंबर २०१७ ला बेंगळूरुत गौरी लंकेश. नकाशा उघडा आणि या चार शहरांवरून बोट फिरवा, रेघ सीमाभागातूनच जाते. तपास यंत्रणांनीही या प्रकरणांतले दुवे न्यायालयात मांडले. तरीही पहिली दोन नावं मराठी बातमीत घरची राहिली आणि पुढची दोन कन्नड बातमीत. दोन्ही भाषा कळणारा वाचक ही चारही नावं एका दमात घेतो. तो वाचक मुख्यतः आपल्याच भागात राहतो.

ज्याचं दृश्यच नाही

हे झालं कॅमेऱ्यासमोर घडलेलं. कॅमेऱ्याला न दिसणारं आणखी वेगळं.

६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकारच्या विरोधात एक निकाल दिला: प्राथमिक शाळेत मातृभाषेचंच माध्यम हवं अशी सक्ती सरकारला करता येणार नाही, माध्यम निवडण्याचा हक्क पालकाचा आणि मुलाचा. गोव्यात त्याआधी, २०११ मध्ये, इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध कोकणी आणि मराठीवाले एकत्र रस्त्यावर आले. या दोन निर्णयांनी घराघरातली जी चर्चा बदलली, 'पोराला कुठल्या शाळेत घालायचं?' ही, तिचं चित्रीकरण कुठल्याही वाहिनीकडे नाही. मराठी शाळेचा पहिलीचा वर्ग एके वर्षी पस्तिसाचा पंचवीस होतो, मग पंधरा होतो, मग शेजारच्या गावच्या शाळेत मिसळतो. हे जूनमधल्या एका सकाळी हजेरीपटावर घडतं. तिथे कॅमेरा कोण नेणार?

सीमाप्रश्नाच्या दाव्याचंही तसंच. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा २०१० मध्ये प्रलंबित होता, २०१९ मध्येही प्रलंबित होता. पूर्ण दशक वाट बघण्यात गेलं. टीव्हीला यातलं दिसलं ते काय, तर जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' फलक हटवला गेला आणि त्यापाठोपाठ लाठीमार झाला, त्याची दृश्यं. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव 'बेळगावी' झालं, ती बातमी. त्याआधी ऑक्टोबर २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौधचं राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं, तो सोहळा. दरवर्षीचा १ नोव्हेंबर: एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळा दिवस. एवढ्याच चित्रांवरून कुणी आपलं दशक जोडलं तर त्याला वाटेल की ही माणसं दहा वर्षं नुसती फलकाभोवती उभी होती. मधल्या तीनशे चौसष्ट दिवसांत तीच माणसं कन्नड शेजाऱ्याबरोबर एकाच बाजारात भाजी विकत होती, एकाच सोसायटीत दूध घालत होती, एकाच बसमध्ये लटकत होती, हे कुठे दिसणार?

मराठी एक, दशकं अनेक

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचं म्हणून एक दशक आहे, असंही नाही. हैदराबादच्या मराठी कुटुंबाचं दशक २ जून २०१४ ला वळण घेतं, कारण त्या दिवशी त्यांचं राज्यच बदललं. घर तेच, पत्त्यात तेलंगणा आलं. वडोद्याच्या मराठी मतदाराने त्याच वर्षी नरेंद्र मोदींना पाच लाख सत्तर हजारांवर मताधिक्याने निवडून दिलेलं बघितलं, आणि मग त्यांनी वाराणसी ठेवून ही जागा सोडलेलीही बघितलं. इंदूरचा माणूस दशक सांगताना २०१७ पासून सांगेल, कारण तेव्हापासून त्याचं शहर देशात स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं. गोव्यात दशकाचे दोन तुकडे पडतात: २०१२ ची खाणबंदी आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेली ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं. ज्याचा ट्रक दारात उभा राहिला त्याला दशक कसं गेलं हे विचारायला माहितीपट लागत नाही.

मुंबई-पुण्याहून बनलेल्या मराठी मालिकेत यातलं किती येईल? एखादा भाग 'बृहन्महाराष्ट्र' म्हणून येईल. त्यात गणेशोत्सव, नाट्यसंगीत आणि पुरणपोळी असेल. या गोष्टी आपल्या आहेतच, पण मतदान, खाण, शाळा, पूर याही आपल्याच आहेत.

'सगळं तर यूट्यूबवर आहे'

असं कुणी म्हणेल, आणि ते अगदीच चूक नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि २०१९ च्या पुराचं चित्रीकरण वाहिन्यांपेक्षा लोकांनीच जास्त केलं. त्या आठवड्यात सीमाभागात ज्याच्या हातात चार्ज असलेला फोन होता, तो प्रत्येकजण वार्ताहर होता. पण ते व्हिडिओ आज कुठे आहेत? फोन बदलला, व्हॉट्सअ‍ॅपची मेमरी भरली म्हणून 'क्लिअर' केली, मेमरी कार्ड खराब झालं. यूट्यूबवर जे चढवलं त्याला शीर्षक 'भयंकर पूर बघा', गावाचं नाव नाही, तारीख नाही, घेणाऱ्याचं नाव नाही. खातं बंद झालं की तेही गेलं. वीस वर्षांनी माहितीपट करणाऱ्याला असा तुकडा मिळाला तरी तो वापरणार कसा? हे पाणी कुठल्या नदीचं, कुठल्या वर्षाचं, हे सांगणारा माणूस तेव्हा हवा ना.

गावोगावच्या केबल वाहिन्यांचं तर आणखी अवघड. नगरपालिकेची सभा, यात्रा, रास्ता रोको, शाळेचं स्नेहसंमेलन, हे सगळं त्यांनीच टिपलं होतं. केबलचं डिजिटायझेशन झालं, धंदा मोठ्या कंपन्यांकडे सरकला, त्यातल्या कितीतरी बंद झाल्या. त्यांच्या कॅसेट आणि सीडी कुणाच्या माळ्यावर असतील, ओल लागून बुरशी धरत असतील. विरोधाभास बघा: १९५६ च्या जानेवारीत काय झालं किंवा १ जून १९८६ ला काय झालं, हे शोधायला आज वर्तमानपत्रांच्या फायली आहेत, छायाचित्रं आहेत. २०१० च्या दशकात प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता, तरी जपून ठेवलेलं त्याहून कमी निघण्याची भीती आहे.

मग करायचं काय

सरकारची वाट बघण्यात अर्थ नाही. कुठल्या सरकारची बघायची इथून प्रश्न सुरू होईल. पण काम तसं फार मोठं नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय, हैदराबादचं मराठी ग्रंथसंग्रहालय, गावोगावच्या वाचनालयांपासून तरुण मंडळांपर्यंत संस्था आपल्याकडे आहेतच. एका संस्थेने दोन हार्डडिस्क घ्याव्यात, दोन यासाठी की एक बिघडली तर दुसरी राहते, आणि त्या वेगवेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. लोकांकडून मूळ व्हिडिओ मागवावेत, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले नकोत, कारण त्यात चित्र दाबलं जातं आणि तारीख हरवते. प्रत्येक तुकड्यासोबत चार ओळी: गाव, दिवस, कुणी घेतला, काय दिसतंय. घेणाऱ्याची लेखी परवानगी. जुन्या केबलवाल्याला गाठून त्याच्या कॅसेट उतरवून घ्याव्यात, त्याचं नाव त्यावर राहील याची खात्री द्यावी. शाळांचे हजेरीपट, पटसंख्येचे तक्ते, बंद झालेल्या शाळेचा शेवटचा फोटो हेही त्याच संग्रहात हवं, कारण या गोष्टीचं दुसरं चित्र मिळणार नाही.

आणि एक पथ्य. हा संग्रह फक्त आंदोलनांचा केला तर आपणही टीव्हीचीच चूक करू. फक्त मराठीचा केला तरी अर्धाच राहील. गोकाकच्या कन्नड घरातला पुराचा व्हिडिओ, चिकोडीच्या तहसील कचेरीबाहेरची रांग, निपाणीच्या बाजारातलं उर्दू-मराठी-कन्नड मिसळलेलं बोलणं, हे वगळून सीमाभागाचं दशक उभं राहत नाही. उद्या कन्नड संशोधकालाही या कपाटाकडे यावंसं वाटलं पाहिजे. तो आला, तर आपण जपलेल्या गोष्टीचं वजन वाढेल.

२०२० चं दशक आता अर्ध्यावर आलंय. ते संपल्यावर पुढची मालिका बनायला बहुधा तीन वर्षंही लागणार नाहीत. दिल्लीतून, मुंबईतून, बेंगळूरुतून कुणी ना कुणी फोन करेल आणि विचारेल, 'तुमच्याकडचं काही फुटेज आहे का?' २०१९ च्या पुराचं विचारलं तर आज आपल्याकडे सांगायला काय आहे, ते या रविवारी आपापले जुने फोन चार्जिंगला लावून बघायला हरकत नाही.